स्वसंरक्षणाचा हक्क आणि बंदुकीचा परवाना: कायदा नेमका काय सांगतो?

डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंचांची निर्घृण हत्या झाली आणि त्यानंतर उठलेल्या गदारोळात एक आकडा राज्यभर चर्चेचा विषय झाला. या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक जणांकडे शस्त्रपरवाने होते. वास्तविक त्या हत्येत बंदूक वापरली गेलीच नव्हती, तरीही कमरेला पिस्तूल लावून काढलेली छायाचित्रे आणि हवेत बार उडवण्याच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर फिरू लागल्या. प्रशासनाने परवान्यांची फेरतपासणी सुरू केली आणि त्यातले बरेच परवाने रद्दही केले. तेव्हा दोन प्रकारची मते कानांवर पडत होती. इतक्या लोकांना बंदुका लागतात तरी कशाला, असे काहींचे म्हणणे होते, तर गुंडपुंडांकडे शस्त्रे असताना सरळमार्गी माणसाने काय नुसते हात जोडून बसायचे, असा इतरांचा सवाल होता.

या दोन्ही बोलण्यांत दोन निरनिराळे प्रश्न एकत्र होतात. हल्ला झाल्यास उलट मारण्याचा हक्क मला आहे का, हा पहिला प्रश्न. त्यासाठी बंदूक बाळगण्याचा हक्क मला आहे का, हा दुसरा. भारतीय कायद्यात पहिल्याचे उत्तर ठाम होकारार्थी आहे आणि दुसऱ्याचे तितकेच ठाम नकारार्थी. पहिला हक्क भारतीय न्याय संहितेत आहे, तर बंदुकीचा विषय १९५९ च्या शस्त्र अधिनियमात आहे. एका कायद्यातली सवलत दुसऱ्या कायद्यात आपोआप लागू होत नाही, आणि बहुतेक गैरसमजांचे मूळ इथेच आहे.

आधी स्वसंरक्षणाचा हक्क पाहू. जुन्या भारतीय दंड संहितेतील कलम ९६ ते १०६ ही या विषयाची कलमे होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती फारसा बदल न होता कलम ३४ ते ४४ म्हणून आली आहेत. स्वसंरक्षणाचा हक्क बजावताना केलेली कृती हा गुन्हा नव्हे, असे पहिलेच कलम सांगते. हा हक्क केवळ स्वतःच्या शरीरापुरता नाही. दुसऱ्याच्या शरीराचे, तसेच स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या मालमत्तेचे रक्षणही त्यात येते. रस्त्यात अनोळखी स्त्रीवर हल्ला होत असेल आणि एखाद्याने मध्ये पडून हल्लेखोराला जखमी केले, तर तोही या हक्काचा आधार घेऊ शकतो.

या हक्काला मर्यादाही आहेत. पोलिसांची किंवा अन्य सरकारी यंत्रणेची मदत घेण्याइतका वेळ हाताशी असेल तर हा हक्क मिळत नाही, आणि बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क केव्हा पोहोचतो, ते कलम ३८ मध्ये एकेक करून सांगितले आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अनैसर्गिक अत्याचार, अपहरण, सुटकेसाठी सरकारी मदत मिळणार नाही अशा रीतीने डांबून ठेवण्याचा प्रयत्न आणि ॲसिडहल्ला ही ती कारणे होत. यांतील ॲसिडहल्ल्याचा समावेश २०१३ मध्ये झाला. बाकीची कारणे मूळ संहितेइतकीच, म्हणजे १८६० सालापासूनची आहेत.

मालमत्तेच्या बाबतीत कायदा अधिक हात आखडून वागतो, आणि लोकांची सर्वाधिक गफलतही इथेच होते. समजा, रात्री दोन वाजता कडी उचकटून कोणी घरात शिरला. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी होणारी घरफोडी कलम ४१ च्या यादीत आहे. जबरी चोरी, राहत्या घराला आग लावणे, आणि मृत्यूची किंवा जबर दुखापतीची भीती वाटावी अशा परिस्थितीतली चोरीही तिथेच आहे. अशा प्रसंगी घरमालकाच्या हातून चोराचा मृत्यू ओढवला तरी तो हक्काच्या मर्यादेत बसू शकतो. पण तोच चोर भर दुपारी अंगणातले तांब्याचे घंगाळ उचलून पळत सुटला असेल, तर त्याला अडवता येते, धरता येते, झटापटीत मार देता येतो, मात्र त्याच्या पाठीत गोळी घालता येत नाही. घंगाळाच्या किमतीशी याचा काही संबंध नाही. त्या क्षणी कोणाच्या जिवाला धोका होता का, एवढेच न्यायालय विचारते.

या कलमांची मांडणी कोरडी असली तरी ज्यांनी ती लिहिली त्यांना प्रत्यक्ष प्रसंगांची जाण होती, असे कलम ४४ वाचताना वाटते. तेथे उदाहरण दिले आहे ते असे: एका माणसाला ठार मारण्यासाठी जमाव चालून आला आहे, गोळीबार केल्याशिवाय त्याला वाचता येणार नाही, पण त्या जमावात लहान मुले मिसळलेली आहेत. अशा वेळी गोळी झाडल्याने एखाद्या मुलाला इजा झाली तरी तो माणूस गुन्हेगार ठरत नाही, असे कायदा म्हणतो. हे उदाहरण वाचणाऱ्याच्या मनात खोलवर रुतते. बंदूक वापरण्याचा प्रसंग प्रत्यक्षात किती अवघड असू शकतो, हे समर्थकांनी आणि विरोधकांनीही त्यातून समजून घ्यावे असे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने या हक्काचा अर्थ सामान्यतः उदारपणे लावला आहे. २०१० सालच्या दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात न्यायालयाने स्वसंरक्षणाची तत्त्वे पुन्हा एकत्र मांडली. जमिनीच्या वादातून झालेल्या त्या हाणामारीत वडिलांवर हल्ला होताना मुलाने बंदूक चालवली होती, आणि न्यायालयाने त्याचा बचाव ग्राह्य धरला. हल्ला झालेल्याने भेकडासारखे पळून जावे अशी कायद्याची अपेक्षा नाही, आणि प्राणावर बेतलेल्या माणसाने प्रतिकाराचे माप सोन्याच्या तराजूत तोलून घ्यावे अशीही अपेक्षा धरता येत नाही, ही भूमिका न्यायालयांनी अनेकदा मांडली आहे. तरीही गोळी झाडली म्हणजे विषय संपला असे होत नाही. गुन्हा नोंदला जातो, पंचनामा होतो, बंदूक मुद्देमाल म्हणून जमा होते, आणि स्वसंरक्षणाचा अपवाद आपल्याला लागू होतो हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर येते. हे संशयातीतपणे सिद्ध करावे लागत नाही, ते शक्यतेच्या पातळीवर पटवून दिले तरी पुरते. हक्काची मर्यादा सद्हेतूने पण ओलांडली गेली असेल, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा सौम्य गुन्हा ठरतो. या सगळ्यात वर्षे जातात.

आता बंदुकीकडे वळू. याला बराच इतिहास आहे आणि तो ठाऊक नसेल तर आजचा कायदा मनमानी वाटू लागतो. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी लोकांकडील शस्त्रे काढून घेण्याचे धोरण आखले आणि व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळात, १८७८ मध्ये, त्याला शस्त्र कायद्याचे पक्के रूप दिले. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा, हा योगायोग मानायला मन धजत नाही. शस्त्र कायद्यातून युरोपियनांना सूट होती, हिंदी माणसाला मात्र परवाना लागे. त्यामुळे हा कायदा सुरक्षेपेक्षा अपमानाचा विषय झाला. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनीसुद्धा १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचा प्रचार करताना काढलेल्या पत्रकात, एका संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इतिहासात इंग्रजी राज्याचे सर्वांत काळे कृत्य गणला जाईल, अशा आशयाचे विधान केले होते. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यातही नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा उल्लेख होता.

त्यामुळे संविधान सभेत हा विषय निघणे अटळ होते. डिसेंबर १९४८ च्या पहिल्या दिवसांत ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती सुचवली आणि कराचीच्या ठरावाचा आधार दिला. नागरी सेवेची नोकरी सोडून नेताजींच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेलेल्या या माणसाच्या मनात परकीय सत्तेने केलेला अपमान ताजा असणार. डॉ. आंबेडकरांनी दुरुस्ती नाकारताना दिलेले उत्तर आजही लागू पडते. बाजारात जाऊन हवी ती आक्रमणाची साधने विकत घेण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला दिला, तर राज्याचा कारभार चालेल कसा, असा त्यांचा सवाल होता. शिवाय शस्त्र धारण करण्याच्या व्यक्तीच्या हक्कापेक्षा, राष्ट्रावर संकट आले असता शस्त्र धारण करण्याच्या तिच्या कर्तव्यावर भर द्यायला हवा, असे त्यांनी सांगितले. दुरुस्ती फेटाळली गेली. संविधानात शस्त्रांचा उल्लेख राहिला तो जवळपास उलट अंगाने. अनुच्छेद १९ एकत्र जमण्याचा हक्क देतो, पण शांततेने आणि विनाशस्त्र. शिखांच्या कृपाणापुरता अनुच्छेद २५ मध्ये स्वतंत्र खुलासा आहे.

तरीही हा वाद न्यायालयांत अधूनमधून डोके वर काढतो. १९९३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका निकालाने जीविताच्या मूलभूत हक्कातच शस्त्र बाळगण्याचा हक्क सामावला आहे असे म्हटले होते. पुढे त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाला ते मान्य झाले नाही. २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना शस्त्रांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला, तेव्हाही अमेरिकेच्या संविधानाप्रमाणे आपल्याकडे शस्त्राचा हक्क कोणालाच नाही, हे आवर्जून नमूद केले.

१८७८ चा कायदा जाऊन आलेला १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. परवान्याची अट मात्र त्यानेही ठेवली. बिनपरवाना बंदूक बाळगणे हा गुन्हा आहे. अर्ज ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्तांकडे जातो. वयाची किमान अट २१ वर्षे. २०१६ च्या नियमांनुसार शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण, शारीरिक व मानसिक स्वास्थ्याचा वैद्यकीय दाखला आणि घरात शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. पोलीस चौकशी करून अहवाल देतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची कमाल संख्या ३ वरून २ वर आणली आणि परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षे केली. लग्नाच्या वरातीत किंवा मिरवणुकीत बेदरकारपणे बार काढण्यालाही तिने स्वतंत्र गुन्हा ठरवले. त्यासाठी २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते.

या कायद्याच्या दोन तरतुदी सहसा कोणाला ठाऊक नसतात. बंदुकांचे सगळे प्रकार कायदा सारखे मानत नाही. संरक्षणासाठी किंवा शिकारी खेळासाठी लांब नळीची साधी बंदूक, किंवा शेतकऱ्याला पीकराखणीसाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर नकाराचे ठोस कारण नसल्यास परवाना द्यावा, असा कलम १३ चा कल आहे. रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल हवे असेल तर मात्र अर्जदाराकडे सबळ कारण आहे अशी परवाना देणाऱ्याची खात्री पटावी लागते. कारण उघड आहे. ठासणीची बंदूक खिशात मावत नाही, ती घेऊन कोणी बारमध्ये जात नाही, आणि एक बार काढल्यावर दारू ठासून पुन्हा भरेपर्यंत रानडुक्कर पलीकडच्या शेतात पोहोचलेले असते. दुसरी तरतूद अशी की, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्या कारणावरून परवाना नाकारता येत नाही. कायदा बनवणाऱ्यांनी बंदूक ही श्रीमंतांची मिरास होऊ नये याची काळजी घेतली होती. ती कितपत फळाला आली, ते पुढे पाहू.

दोन कायद्यांच्या मधली फट मुंबईकरांनी एका गाजलेल्या खटल्यात पाहिली आहे. अभिनेता संजय दत्त याच्याकडे १९९३ मध्ये एके-५६ रायफल असल्याचे उघड झाले. दंगलींच्या काळात कुटुंबाच्या जिवाला धोका वाटत होता, म्हणून शस्त्र ठेवले, असा त्याचा बचाव होता. विशेष न्यायालयाने नोव्हेंबर २००६ मध्ये त्याला दहशतवादविरोधी कायद्याखालील आरोपांतून मुक्त केले, पण शस्त्र कायद्याखाली दोषी धरले. मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षा ५ वर्षे केली. भीती खरी होती की नव्हती, हा मुद्दा तेथे निर्णायक ठरला नाही. समोर हल्लेखोर उभा असताना हाताला लागेल त्या वस्तूने प्रतिकार करणे आणि उद्या कदाचित हल्ला होईल म्हणून आज बेकायदा शस्त्र घरात आणून ठेवणे, या दोन गोष्टी कायद्याच्या लेखी वेगळ्या आहेत.

इतका कायदा समजल्यावर वादाकडे येता येते. बंदुकीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सर्वांत बिनतोड मुद्दा अंतराचा आहे. पोलीस ठाणे २५-३० किलोमीटरवर, रस्ता कच्चा, वस्ती विरळ, अशा ठिकाणी यंत्रणेच्या मदतीची वाट पाहा, हे सांगणे म्हणजे कोरडा उपदेश. १ जानेवारी २०२३ रोजी जम्मूच्या राजौरी जिल्ह्यातील धांगरी गावात अतिरेक्यांनी घरांत शिरून गोळीबार केला, तेव्हा ग्रामरक्षणासाठी पूर्वी दिलेल्या जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलीतून एका रहिवाशाने गोळ्या झाडल्या आणि हल्लेखोर माघारी फिरले. त्यानंतर सरकारने त्या भागातील ग्रामरक्षक दलांच्या प्रशिक्षणाकडे नव्याने लक्ष दिले. कर्नाटकातील कोडगूचेही उदाहरण दिले जाते. तेथील कोडवा समाजाला आणि जम्मा (सैनिकी सेवेच्या बदल्यात मिळालेली वंशपरंपरागत) जमीन धारण करणाऱ्यांना १८६१ पासून परवान्याच्या अटीतून सूट आहे. कैलपोद सणाला ते शस्त्रांची पूजा करतात, आणि केंद्र सरकारने ही सूट २०२९ पर्यंत वाढवलेली आहे. म्हणजे घरोघरी बंदूक आली की रक्तपात आलाच, असा सरळ हिशेब नाही. पण कोडगूत बंदुकीभोवती पिढ्यान्‌पिढ्यांचे सामाजिक नियम आहेत, हेही त्याच दमात सांगायला हवे. ते नियम परवान्याच्या कागदाबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात पाठवता येत नाहीत.

विरोधातला मुद्दा वेळेचा आहे. हल्ला करणारा तयारीने येतो, ज्याच्यावर हल्ला होतो तो बेसावध असतो. बंदूक नियमाप्रमाणे कपाटात कुलूपबंद असेल तर ती ऐनवेळी हाती येत नाही, आणि उशाशी भरलेली ठेवली तर ती मुलांच्या, चोराच्या किंवा घरातल्याच संतापलेल्या माणसाच्या हाती लागते. या पेचावर कोणत्याही देशाला समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. दिल्लीतील २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर कानपूरच्या सरकारी आयुधनिर्माणीने जानेवारी २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्व्हर आणले. वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत १ लाख २२ हजारांच्या घरात, आणि दागिन्यांसारख्या पेटीत. बस, कचेरी आणि लोकलमध्ये रोज धक्के खाणाऱ्या बाईच्या संरक्षणाचा हा तोडगा ज्यांना सुचला, त्यांनी तिचा महिन्याचा पगार किती असतो याची चौकशी केली नसावी. शिवाय स्त्रियांवरील अत्याचारांत आरोपी बहुधा ओळखीचा, पुष्कळदा घरातलाच असतो. तेथे पर्समधल्या रिव्हॉल्व्हरचा उपयोग काय?

परवानाधारक माणूस म्हणजे जबाबदार माणूस, हे गृहीतकही तपासून घ्यावे लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या हिल लाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनातच, एका आमदाराने राजकीय प्रतिस्पर्ध्यावर गोळ्या झाडल्याचा गुन्हा नोंदला गेला. संरक्षणाची कमतरता, पोलिसांचे अंतर किंवा मदतीला वेळ नसणे, यांतले एकही कारण तेथे सांगता येण्यासारखे नव्हते.

या वादात अमेरिकेचे दाखले सर्रास दिले जातात, म्हणून तेवढ्यापुरते तिकडे पाहू. १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीचा अर्थ लावताना तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निर्णय दिला की, स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवणे हा व्यक्तीचा हक्क आहे. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने न्यूयॉर्कचा शंभर वर्षांहून जुना नियम रद्द केला. घराबाहेर पिस्तूल बाळगायचे तर विशेष कारण दाखवावे लागेल, असे तो नियम सांगत होता. म्हणजे ज्या तत्त्वावर आपली सारी परवाना पद्धत उभी आहे, तेच तत्त्व तेथे घटनाबाह्य ठरले. त्यामुळे तिकडचे कायदेशीर युक्तिवाद इकडे आणून काही साधत नाही. मात्र तिकडची आकडेवारी एक गोष्ट शिकवते. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८ हजारांहून अधिक मृत्यू झाले, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. चोराच्या भीतीने घरात आणलेली बंदूक नैराश्याच्या घटकेलाही हाताशी असते, ही बाब स्वसंरक्षणाच्या चर्चेत क्वचितच येते.

आपल्याकडचा मोठा प्रश्न परवान्याच्या बाहेरचा आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१६ अखेर देशात ३३ लाख ६९ हजार शस्त्रपरवाने होते. त्यांतले १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात, तर महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. लहान शस्त्रांचा जगभर अभ्यास करणाऱ्या जिनिव्हातील संस्थेचा २०१७ सालचा अंदाज असा की, भारतात नागरिकांच्या हाती ७ कोटी ११ लाख बंदुका असाव्यात. तेव्हाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक परवान्यावर तीन बंदुका धरल्या तरी संख्या एक कोटीच्या आसपासच जाते. अंदाजात मोठी चूक असली तरी उरलेला डोंगर गावठी कट्ट्यांचा आणि चोरट्या शस्त्रांचा आहे, हे स्पष्ट दिसते. परवाने सैल करावेत म्हणणारे याच आकड्याकडे बोट दाखवतात: कायदा पाळणारा तेवढा निःशस्त्र राहतो. युक्तिवाद ऐकायला चोख आहे, पण त्याने फार तर बेकायदा बंदुकांवर कडक कारवाई हवी एवढेच सिद्ध होते. शेजाऱ्याच्या कट्ट्याला माझे परवान्याचे पिस्तूल हे उत्तर मानले, तर पुढच्या महिन्यात त्याच्याकडे दोन कट्टे येतील.

माझ्या मते भारतातला खरा वाद बंदूक चांगली की वाईट हा नसून, ‘सबळ कारण’ कोणाचे आणि ते ठरवणार कोण, हा आहे. कागदावर प्रत्येक अर्जदाराच्या जिवाच्या धोक्याची चौकशी होते. प्रत्यक्षात वाळूचे ठेकेदार, जमिनीचे व्यवहार करणारे, पुढाऱ्यांच्या मागेपुढे करणारे यांच्या हाती परवाना लवकर पडतो, आणि जंगलाकाठच्या शेतकऱ्याचा ठासणीच्या बंदुकीचा अर्ज टेबलावरून टेबलावर फिरत राहतो, असा सार्वत्रिक समज आहे. बीडच्या प्रकरणाने तो बळकट केला. निवडणूक जाहीर झाली की परवान्याची शस्त्रे पोलिसांकडे जमा करावी लागतात, तेव्हाही हीच तक्रार ऐकू येते. सरसकट सर्वांची शस्त्रे जमा करणे योग्य नाही, प्रत्येक प्रकरण छाननी समितीने पाहावे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितले होते. पीकराखणीच्या बंदुकीने मतदार धमकावला जाण्याचा संभव किती, हे त्या समितीला ठरवता येण्यासारखे आहे.

या संदर्भात एक तरतूद मुद्दाम वाचावी अशी आहे. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखण्यासाठी १९९५ मध्ये जे नियम झाले, त्यांतील नियम ३ मध्ये अत्याचारप्रवण भागासाठी शासनाला काही पावले सुचवली आहेत. त्या भागातील बिगर-अनुसूचित व्यक्तींचे शस्त्रपरवाने गरज पडल्यास रद्द करावेत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत, आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जीवित व मालमत्तेच्या रक्षणासाठी परवाने द्यावेत, असे तो नियम सांगतो. बंदूक मुळात कोणाच्या हाती असते आणि कोणाच्या हाती नसते, हे नियम लिहिणाऱ्यांना नेमके ठाऊक होते. परवाना हा प्रश्न गावातल्या सत्तेच्या तोलाशी जोडणारी इतकी स्पष्ट तरतूद शस्त्र अधिनियमातही सापडत नाही. बंदुकीच्या हक्काचा कैवार घेणाऱ्यांच्या तोंडी मात्र ती सहसा येत नाही.

असुरक्षित समूहाला शस्त्र देण्याच्या याच कल्पनेचे निराळे रूप आसाममध्ये दिसते आहे. मे २०२५ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने धुबरी, बरपेटा, मोरीगाव, नगाव आणि दक्षिण सालमारा-मानकाचर यांसारख्या जिल्ह्यांतल्या मूळ रहिवाशांना शस्त्रपरवाने देण्याचा निर्णय घेतला. आजवर सबळ कारण व्यक्तीला दाखवावे लागे. येथे ते तिच्या समूहावरून आणि राहण्याच्या ठिकाणावरून अगोदरच गृहीत धरले जाते. अत्याचारप्रतिबंधक नियमांत एका बाजूचे परवाने काढण्याची सोयही आहे, आसामच्या निर्णयात भर आहे तो नवे परवाने देण्यावर. सीमेलगतच्या गावांना दिलासा मिळेल असे सरकारचे म्हणणे आहे, तर दोन समाजांतल्या जुन्या तणावात आता बंदुकांची भर पडेल असे विरोधक म्हणतात. या परवान्यांवर घेतलेल्या बंदुका वापरल्या गेल्या, तर त्या गोळीचा न्याय मात्र भारतीय न्याय संहितेच्या त्याच ३४ ते ४४ या कलमांनुसार, एकेका प्रसंगाची स्वतंत्र तपासणी करून होईल. तेथे परवाना कोणत्या धोरणाखाली मिळाला, हे सांगून भागणार नाही.